खाली काळं, वर पांढरं : औंढ्याचं देऊळ बघताना

माझ्या मोबाईलमध्ये औंढा नागनाथच्या देवळाचे चाळीसेक फोटो आहेत. त्यातल्या जुन्या फोटोंमध्ये शिखर नाही. मी ते मुद्दाम कापलं होतं.

हिंगोलीत वाढलेल्या पोराला औंढ्याचं अप्रूप नसतं. पंचवीसेक किलोमीटरवर ज्योतिर्लिंग आहे म्हटल्यावर श्रावणी सोमवार, महाशिवरात्र, नवी गाडी, बाहेरगावचे पाहुणे, कुठलंही निमित्त पुरतं. लहानपणी लक्षात राहिल्या त्या गाभाऱ्यात उतरणाऱ्या अरुंद पायऱ्या. लिंग जमिनीच्या खाली आहे. अंग चोरून, वाकून उतरायचं, आत दमट गरम हवा, समोरच्याची पाठ आणि मागच्याचा धक्का. देऊळ बाहेरून बघायचं असतं हे माहीतच नव्हतं.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कुठलातरी व्हिडिओ बघून कळलं, की खालचा काळा दगडी भाग 'खरा हेमाडपंती' आहे आणि वरचं पांढरं शिखर 'नंतर चढवलेलं' आहे. झालं, मी जाणकार झालो. पुढच्या वेळी मित्रांना घेऊन गेलो तेव्हा मी भिंतीवरच्या मूर्ती दाखवल्या आणि वर बोट करून म्हणालो, "ते सोडा, ते ओरिजिनल नाही."

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. ते चूक होतं असं आता वाटतं, आणि का चूक होतं हे कळायला मला हंगेरीत जावं लागलं.

आधी देवळाबद्दल. खालचा भाग यादवकाळातला, म्हणजे साधारण तेराव्या शतकातला. भिंत सपाट नाही, ती सतत कोन करत आत-बाहेर होते, त्यामुळे उन्हाची जागा बदलली की सावल्या बदलतात. सकाळी नऊला न दिसलेली मूर्ती दुपारी चारला दिसते. देव आहेत, सुरसुंदरी आहेत, आणि मला सगळ्यात आवडतं ते शिल्प म्हणजे रुसलेल्या पार्वतीची समजूत काढणारा शंकर. एवढा मोठा देव, पण चेहरा घरोघरच्या नवऱ्याचा.

'हेमाडपंती' हा शब्द मात्र जपून वापरावा. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप. आपण चुन्याशिवाय रचलेल्या जवळपास प्रत्येक जुन्या दगडी देवळाला त्याचं नाव देतो. अंबरनाथचं देऊळ १०६० चं आहे, हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं, तरी लोक त्यालाही हेमाडपंतीच म्हणतात. मराठवाड्यातल्या देवळांवर आयुष्यभर काम केलेल्या गो. बं. देगलूरकरांसारख्या अभ्यासकांमुळे या देवळांकडे नीट बघण्याची भाषा मराठीत आली. आपण अजून व्हिडिओच्या भाषेतच आहोत.

वरचा भाग वीट आणि चुन्याचा, मराठेशाहीच्या काळातला. त्याचं श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिलं जातं. मूळ देऊळ सात मजली होतं आणि औरंगजेबाच्या फौजेने वरचे मजले पाडले, अशी परंपरा आहे. सात मजल्यांबद्दल माझा एक अंदाज आहे. यादवकाळात इकडे भूमिज पद्धतीची शिखरं बांधत. छोट्या छोट्या शिखरांचे थर एकावर एक चढत जातात आणि त्या थरांना 'भूमी' म्हणतात. पाच, सात, नऊ अशा भूमी असतात. सिन्नरच्या गोंदेश्वरावर असं शिखर आजही शाबूत आहे. 'सात भूमी'चे लोकांच्या बोलण्यात 'सात मजले' झाले असतील का? सिद्ध करता येणार नाही, पण उंच इमारतीच्या कल्पनेपेक्षा मला हे जास्त पटतं.

आता हंगेरी. दोन वर्षांपूर्वी कंपनीने मला तीन महिन्यांसाठी व्हिएन्नाला पाठवलं होतं. एका शनिवारी काहीच काम नव्हतं म्हणून रेल्वेने सीमेपलीकडच्या शोप्रोन गावी गेलो. साधारण तासाभराचा प्रवास. जुन्या गावाच्या मुख्य चौकात एक मनोरा आहे. आग लागली तर वरून दिसावी म्हणून तिथे पहारेकरी बसायचे. हा मनोरा खालपासून वरपर्यंत एकसारखा नाही. पायाशी रोमन तटाचे अवशेष, त्यावर मध्ययुगीन चौकोनी बांधकाम, मग गोल भाग आणि कमानींचा सज्जा, आणि सगळ्यात वर १६७६ च्या मोठ्या आगीनंतर चढवलेला कांद्यासारखा फुगीर बरोक घुमट. खालच्या दारावर १९२१ च्या सार्वमताची आठवण कोरलेली आहे. त्या वर्षी गावाने ऑस्ट्रियाऐवजी हंगेरीत राहायचं ठरवलं. म्हणजे एका मनोऱ्यात दीड-दोन हजार वर्षं, आणि प्रत्येक जोड उघडा दिसतो.

मी फोटो काढला. पूर्ण मनोऱ्याचा. घुमट न कापता. मग तिथेच बाकड्यावर बसल्यावर लक्षात आलं, की परक्या गावात मला हे सगळं एक वास्तू म्हणून सुंदर वाटतंय आणि माझ्या जिल्ह्यात मी अशाच वास्तूचं डोकं उडवतो. शोप्रोनच्या घुमटाला मी 'ओरिजिनल नाही' म्हणालो नाही. कारण काय, तर तो युरोपात आहे म्हणून? लाज वाटली.

पण सगळे थर सारखेच मानायचे असंही नाही. हे त्याच गावात पुढच्या गल्लीत कळलं. तिथे साधारण १३०० च्या सुमाराचं सिनेगॉग आहे. १५२६ मध्ये ज्यू लोकांना गावातून हाकलून दिलं, इमारत राहत्या घरांत जिरून गेली आणि १९६७ मध्ये दुरुस्तीच्या वेळी पुन्हा सापडली. मग नंतरचं बांधकाम काढून ते सिनेगॉग मोकळं केलं. इथे नंतरचा थर काढला हे बरोबरच झालं.

मग फरक कुठे आहे? मला सापडलेली कसोटी साधी आहे. नंतरचा थर जुन्यावर उभा आहे, की जुन्याचं तोंड झाकतोय? शोप्रोनचा घुमट उभा आहे. सिनेगॉगवरचं घर झाकत होतं. वास्तूंच्या जतनाबद्दल १९६४ मध्ये व्हेनिसमध्ये ठरलेल्या सनदेतही हाच विचार आहे: सगळ्या काळांनी घातलेली खरी भर राखावी, आणि नवीन जोडलेलं काम जुन्यापासून वेगळं ओळखू यावं. या कसोटीवर औंढ्याचं पांढरं शिखर पहिल्या नंबरने पास होतं. ते यादवकालीन असल्याचं ढोंग करत नाही. दगडाची नक्कल करत नाही. ज्यांनी ते बांधलं त्यांच्याकडे चुना-वीट होती, गवंडी त्या पद्धतीचे होते, आणि उघड्या पडलेल्या देवावर छत्र हवं होतं. काळ्या आणि पांढऱ्याच्या मधली ती रेषा म्हणजे इथे काहीतरी मोडलं होतं आणि नंतर कुणीतरी ते उभं केलं, याचा उघड पुरावा आहे.

आपल्या लोकांना असे जोड वाचता येत होते. औंढ्याला नंदी देवासमोर नाही, मागे आहे. नामदेव कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना मागे जायला सांगितलं, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ असते. नामदेवांचं नरसी गाव याच जिल्ह्यातलं. इतिहास म्हणून ही गोष्ट तपासता येत नाही, पण वास्तूतली एक विसंगती लोकांनी पाहिली आणि तिला कारण शोधलं, हे निश्चित.

हे सगळं लिहायचं कारण औंढा नाही, माझ्या आईचं गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही. तिथे एक लहानसं जुनं दगडी देऊळ आहे. तीन वर्षांपूर्वी जीर्णोद्धारासाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, मी पाच हजार रुपये पाठवले आणि हात जोडल्याची इमोजी टाकली. नंतर गेलो तेव्हा खांबांना सोनेरी ऑइल पेंट होता आणि फरशीवर चकचकीत टाइल्स. आजीचा एक जुना फोटो आहे, खांबाला टेकून बसलेली. त्या फोटोत तिच्या डोक्यामागचं कीर्तिमुख दात-डोळ्यांसकट दिसतं. आता तिथे सोनेरी गोळा आहे. ऑइल पेंट कोरीव कामातल्या बारीक रेषा बुजवतो, दगडातली ओल आत कोंडतो, आणि पुढे तो खरवडायला गेलं की दगडही खरवडला जातो. चुन्याचं तसं नसतं, तो ओल बाहेर जाऊ देतो. माझे पाच हजार त्या रंगात आहेत.

गेल्या महिन्यात ग्रुपवर नवीन मेसेज आला: गाभाऱ्याच्या चौकटीला ग्रॅनाइट बसवायचं, वर्गणी द्या. मी काकांना फोन केला.

"काका, चौकटीवरचं कोरीव काम झाकलं जाईल."

"अरे, किती काळवंडलंय ते. देव काय अंधारात ठेवायचा का?"

प्रश्न चुकीचा नव्हता. ते देऊळ त्यांचं रोजचं आहे, मी वर्षातून दोनदा येणारा. पावसात छत गळतं, म्हातारी माणसं घसरतात. दुरुस्ती हवीच. म्हणून मी फुकटचा उपदेश न करता विचारलं, की वर्गणी छताच्या गळतीसाठी आणि दिव्यांसाठी दिली तर चालेल का, आणि चौकट फक्त साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुऊन बघू या का. मग ग्रुपवर आजीचा तो फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "मागचं कीर्तिमुख बघा."

दोन तास कुणीच काही बोललं नाही. मग एका मामींनी लिहिलं, "हे आपल्या देवळातलं आहे?" काकांचं उत्तर रात्री आलं: "चौकटीचं दिवाळीनंतर बघू. छताचे पैसे पाठव."

पाठवले. दिवाळीला गावी जाईन तेव्हा वाटेत औंढ्याला उतरणार आहे. या वेळी फोटो शिखरासकट.