पंचग्रंथाचे कर्तृत्व

पंचग्रंथाचे कर्तृत्व : बायबलमधील उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद ह्या पहिल्या पाच पुस्तकांना मिळून पंचग्रंथ म्हणतात. यहुदी लोक त्यास ‘तोरा’ म्हणतात व आपल्या धर्मग्रंथांत त्यास सर्वोच्च स्थान देतात. ख्रिस्ती धर्मीयांच्या दृष्टीने तो जुन्या कराराचा पाया होय. हा ग्रंथ मोशेने लिहिला, अशी दोन्ही धर्मांतील दीर्घ परंपरा आहे. सतराव्या शतकापासून ही परंपरा चिकित्सेचा विषय झाली आणि तिच्या चिकित्सेतूनच बायबलच्या ऐतिहासिक अभ्यासाची पद्धती आकारास आली. मोशे हा ह्या ग्रंथाचा कर्ता नव्हे, एवढाच त्या वादाचा निष्कर्ष नाही. एक ग्रंथ व एक कर्ता ही कल्पनाच येथे लागू पडत नाही आणि ग्रंथ कसा सिद्ध झाला ह्याचा पुरावा संकलकांनी ग्रंथातच शिल्लक ठेवला आहे, हे त्याचे अधिक महत्त्वाचे फलित होय.

पारंपरिक मत : पंचग्रंथात संपूर्ण ग्रंथाच्या कर्त्याचे नाव कोठेही दिलेले नाही. मोशेने काही मजकूर लिहून ठेवल्याचे उल्लेख मात्र आहेत. अमालेकी लोकांशी झालेल्या युद्धाची नोंद, सीनाय पर्वताजवळ दिलेले नियम, इझ्राएल लोकांच्या मुक्कामांची यादी व ‘अनुवाद’ ह्या पुस्तकातील नियमशास्त्र ह्यांच्या संदर्भात ते येतात. हे सर्व उल्लेख विशिष्ट भागांपुरते असून त्यांत मोशेविषयीचे निवेदन तृतीय पुरुषी आहे. ‘मोशेचे नियमशास्त्र’ हा शब्दप्रयोग बॅबिलनमधील बंदिवासानंतरच्या एज्रा, नहेम्या इ. पुस्तकांत रूढ झालेला दिसतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात फायलो व जोसीफस हे यहुदी लेखक, तसेच नव्या कराराचे कर्ते, मोशेचे कर्तृत्व गृहीत धरूनच लिहितात.

ह्या मतातील अडचण परंपरेसही जाणवली होती. ‘अनुवाद’च्या अखेरीस मोशेचा मृत्यू व दफन वर्णिले असून त्याची कबर आजतागायत कोणास माहीत नाही, असे म्हटले आहे. शेवटची आठ वचने यहोशवाने लिहिली, असे एक मत बॅबिलोनियन तालमूदमध्ये नोंदविले आहे. ती देवाने सांगितली व मोशेने साश्रू नयनांनी लिहून घेतली, असे दुसरे मतही तेथेच आढळते. स्पेनमधील यहुदी भाष्यकार अब्राहम इब्न एझ्रा (सु. १०९२–११६७) ह्याने अशी आणखी काही स्थळे हेरली. त्या काळी देशात कनानी लोक राहत होते, ह्या उत्पत्तीमधील विधानाचा लेखक कनानी लोक तेथून नाहीसे झाल्यानंतरचा असला पाहिजे, हे त्याच्या लक्षात आले होते. परंतु ज्याला हे उमगेल त्याने मौन पाळावे, असे सूचित करून त्याने तो विषय सोडून दिला.

अंतर्गत पुरावा : इझ्राएलवर राजा येण्यापूर्वी अदोमात जे राजे होऊन गेले त्यांची यादी उत्पत्तीमध्ये आहे, अर्थात ती इझ्राएलमध्ये राजसत्ता स्थापन झाल्यानंतरची होय. अब्राहामाने शत्रूचा दान नगरापर्यंत पाठलाग केला असे तेथे म्हटले आहे. पण त्या नगरास दान हे नाव मोशेनंतर बऱ्याच काळाने मिळाल्याचे ‘शास्ते’ ह्या पुस्तकावरून कळते. मोशे हा पृथ्वीवरील सर्व मनुष्यांत अत्यंत नम्र होता, हे गणनामधील विधान त्याने स्वतः लिहिले असेल, असे मानणे कठीण आहे.

कालविपर्यासाच्या अशा स्थळांपेक्षाही पुनरुक्ती व विसंगती ह्यांचा पुरावा अधिक बोलका आहे. पहिल्या अध्यायात वनस्पती व प्राणी प्रथम आणि स्त्री-पुरुष अखेरीस निर्माण होतात. दुसऱ्यात पुरुष आधी, मग झाडे व प्राणी आणि शेवटी स्त्री असा क्रम आहे. जलप्रलयाच्या कथेत नोहाने प्रत्येक जातीची एक जोडी घ्यावी असे एका ठिकाणी, तर शुद्ध पशूंच्या सात जोड्या घ्याव्यात असे दुसऱ्या ठिकाणी सांगितले आहे. पाऊस चाळीस दिवस पडतो, तर पाण्याचा जोर दीडशे दिवस टिकतो. आपल्या पत्नीस बहीण म्हणून सांगण्याचा प्रसंग तीनदा येतो : दोनदा अब्राहामाच्या व एकदा इसहाकाच्या बाबतीत.

देवाच्या नावांतील भेद मराठी वाचकासही सहज तपासता येतो. प्रचलित मराठी बायबलमध्ये हिब्रू ‘एलोहीम’साठी ‘देव’ व ‘याहवे’ ह्या विशेषनामाच्या जागी ‘परमेश्वर’ हा शब्द योजिलेला आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात केवळ ‘देव’ हा शब्द येतो. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून ‘परमेश्वर देव’ असा जोडप्रयोग सुरू होतो आणि तेथेच निर्मितीची दुसरी कथाही सुरू होते. शिवाय अब्राहामादी पूर्वजांना हे विशेषनाम प्रकट केलेले नव्हते, असे निर्गममध्ये म्हटले असताना, उत्पत्तीमध्ये मात्र लोक अगदी आरंभापासून त्या नावाने प्रार्थना करू लागल्याचे सांगितले आहे.

नियमांतही असाच भेद आहे. निर्गमच्या एका जुन्या नियमानुसार अनेक ठिकाणी वेदी उभारता येते; ‘अनुवाद’ मात्र देवाने निवडलेल्या एकाच स्थानी यज्ञ करण्याची आज्ञा देतो. वल्हांडणाच्या बळीचे मांस विस्तवावर भाजावे, पाण्यात शिजवू नये, असे निर्गम सांगतो. ‘अनुवाद’मध्ये त्याच संदर्भात मूळ हिब्रूत शिजविण्याचे क्रियापद आहे. पुढे ‘इतिहास’ ह्या पुस्तकाच्या कर्त्याने मांस ‘विस्तवावर शिजविले’ अशा अर्थाची शब्दयोजना करून दोहोंचा मेळ घातला. प्राचीन वाचकांनाही ही विसंगती दिसत होती. तथापि त्यांनी मूळ नियमांपैकी एकही वगळला नाही.

चिकित्सेचा इतिहास : मोशेच्या कर्तृत्वावरील आक्षेप टॉमस हॉब्ज (१५८८–१६७९) ह्याने लेव्हायथन (१६५१) ह्या ग्रंथात उघडपणे मांडले. बारूख स्पिनोझा (१६३२–७७) ह्याने निनावी प्रसिद्ध केलेल्या आपल्या धर्म व राज्य ह्यांविषयीच्या प्रबंधात (१६७०) इब्न एझ्राची मौन सूचना उलगडून दाखविली आणि पंचग्रंथापासून ‘राजे’पर्यंतच्या पुस्तकांचे संकलन एज्राने केले असावे, असे अनुमान केले. फ्रेंच कॅथलिक धर्मोपदेशक रिशार सीमाँ (१६३८–१७१२) ह्याने पिढ्यान्‌पिढ्यांच्या लेखनिकांनी ग्रंथात भर घातल्याचे मत मांडले. त्याचा ग्रंथ १६७८ मध्ये जप्त करून नष्ट करण्यात आला. फ्रेंच वैद्य झां आस्त्र्यूक (१६८४–१७६६) ह्याने १७५३ मध्ये देवाच्या दोन नावांच्या आधारे उत्पत्तीमधील दोन मुख्य साधने वेगळी केली. मोशेचे कर्तृत्व वाचविणे हा त्याचा हेतू होता. मोशेने जुन्या लेखांच्या आधारे ग्रंथ रचला, असे त्याचे म्हणणे होते. त्याची पद्धती मात्र पुढे त्याच्या हेतूविरुद्ध वापरली गेली.

कालनिश्चितीचा आधार डे वेट्टे (१७८०–१८४९) ह्या जर्मन पंडिताने १८०५ मध्ये पुरविला. योशीया राजाच्या कारकीर्दीत, इ. स. पू. सु. ६२२ मध्ये, यरुशलेमच्या मंदिरात नियमशास्त्राचे पुस्तक सापडले व त्यानुसार राजाने इतरत्रची उपासनास्थाने मोडून टाकली, असे ‘राजे’मध्ये सांगितले आहे. ‘अनुवाद’मधील एकाच उपासनास्थानाचा आग्रह ह्या सुधारणेशी जुळतो, म्हणून ते पुस्तक ‘अनुवाद’चा मूळ गाभा असावे, असे अनुमान निघाले. कार्ल हाइन्रिख ग्राफ (१८१५–६९) व अब्राहाम क्यूनेन (१८२८–९१) ह्यांच्या संशोधनाची जोड देऊन यूलिउस वेलहाउझेन (१८४४–१९१८) ह्याने १८७८ मध्ये ‘साधन-उपपत्ती’ पूर्णत्वास नेली. तीनुसार ‘जे’ (याहवेवादी), ‘ई’ (एलोहीमवादी), ‘डी’ (अनुवादपरंपरा) व ‘पी’ (याजकीय) अशी चार साधने क्रमाने निर्माण झाली. पहिले इ. स. पू. नवव्या शतकातले, तर शेवटचे बंदिवासानंतरचे ठरते.

ह्या वादाची किंमत काहींना आपल्या अधिकारपदांच्या रूपाने मोजावी लागली. नाताळचा अँग्लिकन बिशप जॉन विल्यम कोलेन्सो (१८१४–८३) बायबलचे झूलू भाषांतर करीत असताना, जलप्रलयाची कथा खरोखर घडली काय, असा प्रश्न त्याच्या झूलू सहकाऱ्याने त्यास केला. कोलेन्सोने प्रामाणिक उत्तर शोधण्याचे ठरविले व १८६२ पासून पंचग्रंथातील संख्यांची चिकित्सा प्रसिद्ध केली. १८६३ मध्ये केप टाउनच्या बिशपने त्यास पदच्युत केले. हा निर्णय १८६५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने अवैध ठरविला. स्कॉटलंडमध्ये विल्यम रॉबर्ट्‌सन स्मिथ (१८४६–९४) ह्यास १८८१ मध्ये अ‍ॅबर्डीन येथील अध्यापनपद गमवावे लागले. वेलहाउझेनने, आपले अध्यापन विद्यार्थ्यांना धर्मोपदेशकाच्या कार्यास सिद्ध करीत नाही असे वाटल्यामुळे, १८८२ मध्ये ग्राइफ्सव्हाल्ट विद्यापीठातील धर्मशास्त्राचे अध्यासन स्वतःहून सोडले. कॅथलिक चर्चच्या बायबल-आयोगाने १९०६ मध्ये मोशेच्या कर्तृत्वाचा कैवार घेतला. पण १९४३ मध्ये पोप बारावे पायस ह्यांनी बायबलमधील वाङ्‌मयप्रकारांच्या ऐतिहासिक अभ्यासास उत्तेजन दिले.

साधन-उपपत्तीचे मूल्यमापन : वेलहाउझेनच्या मांडणीत तर्कशुद्धतेबरोबर एक पूर्वग्रहही होता. उत्स्फूर्त प्राचीन धर्म, संदेष्ट्यांची नैतिक उंची आणि त्यानंतर याजकांच्या नियमांत गोठलेला यहुदी धर्म, असा ऱ्हासाचा आलेख त्याने काढला. ह्या चिकित्सेत यहुदी-द्वेषाचा अंश आहे, अशी टीका सॉलोमन शेक्टर (१८४७–१९१५) ह्या यहुदी पंडिताने १९०३ मध्ये केली. ती निराधार नव्हती. नियम म्हणजे अधःपतन हे समीकरण ग्रंथातून निघत नाही, ते ग्रंथावर लादलेले आहे. उंबेर्तो कास्सूतो (१८८३–१९५१) ह्याने नावांतील भेद हा आशयानुसारी असल्याचे प्रतिपादन केले. काही स्थळी ते पटण्यासारखे आहे. नियमांतील परस्परविरोधाचा उलगडा मात्र त्याने होत नाही. हेरमान गुंकेल (१८६२–१९३२) ह्याने लिखित साधनांमागील मौखिक कथांकडे लक्ष वेधले.

विसाव्या शतकातील शोधांनी हा प्रश्न ग्रंथाबाहेरील पुराव्याशी जोडला. अ‍ॅसिरियाचा राजा एसारहद्दन ह्याने इ. स. पू. ६७२ मध्ये मांडलिकांकडून घेतलेल्या निष्ठेच्या शपथांतील शापवचने व ‘अनुवाद’च्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील शाप ह्यांत लक्षणीय साम्य आहे. त्यामुळे ‘अनुवाद’च्या गाभ्याचा काळ इ. स. पू. सातवे शतक मानण्यास बळकटी आली. उलटपक्षी यरुशलेमनजीक केतेफ हिन्नोम येथे १९७९ मध्ये सापडलेल्या दोन लहान रौप्यपत्रांवर गणनामधील याजकीय आशीर्वादाशी जुळणारा मजकूर आहे. ती पत्रे सामान्यतः इ. स. पू. सातव्या शतकाच्या अखेरची वा सहाव्या शतकाच्या आरंभीची मानली जातात. म्हणजे याजकीय परंपरेतील काही अंश तिच्या अंतिम संकलनाहून जुने आहेत. ईजिप्तमधील एलेफंटीन बेटावरील यहुदी वसाहतीचे इ. स. पू. पाचव्या शतकातील कागदपत्र आणखी एक गोष्ट दर्शवितात : तेथील यहुद्यांचे स्वतःचे मंदिर होते, ते नष्ट झाल्यावर त्याच्या पुनर्बांधणीसाठी त्यांनी यहुदाच्या अधिकाऱ्यांचे साहाय्य मागितले आणि उपलब्ध पत्रांत कोठेही पंचग्रंथातील वचनाचा आधार घेतलेला नाही. मृत समुद्राजवळील कुमरान येथील हस्तलिखिते (१९४७ पासून) व शोमरोनी पंथाचा पंचग्रंथ ह्यांवरून, ग्रंथ सिद्ध झाल्यानंतरही पाठभेद दीर्घकाळ प्रचलित होते, हे स्पष्ट होते.

१९७० नंतरच्या दशकात चार अखंड साधनांच्या कल्पनेस, विशेषतः ‘ई’च्या स्वतंत्र अस्तित्वास व ‘जे’च्या प्राचीनतेस, गंभीर आव्हान मिळाले. यूरोपातील अनेक अभ्यासक आता याजकीय व अयाजकीय असे दोनच थर मानतात. काही अमेरिकन व इझ्राएली अभ्यासक चार साधनांचे नव्याने समर्थन करतात. ग्रंथ अनेककर्तृक आहे, ‘अनुवाद’ व याजकीय साहित्य ह्यांची स्वतंत्र ओळख पटते आणि ग्रंथाला आजचे रूप इराणी सत्तेच्या काळात (इ. स. पू. पाचवे–चौथे शतक) प्राप्त झाले, ह्या मुद्द्यांवर मात्र चिकित्सकांत बव्हंशी एकमत आहे.

यरुशलेमच्या विनाशानंतर (इ. स. पू. ५८७/५८६) राज्य व मंदिर गमावलेल्या समाजाजवळ पूर्वपरंपरेच्या कथा व नियम हेच एकत्वाचे साधन उरले होते. वेगवेगळ्या गटांनी जपलेल्या परस्परविरोधी स्मृतींतून एकच निवडून इतरांना डावलणे संकलकांना शक्य होते. त्यांनी निर्मितीच्या दोन कथा व वेदीचे दोन नियम शेजारी ठेवले आणि सर्वांस मोशेच्या नावाचे छत्र दिले. हे नाव लेखकाचे म्हणून नव्हे, तर प्रामाण्याचे म्हणून आले, असे समजणे त्या काळाच्या ग्रंथव्यवहारास धरून होईल. संकलकांनी सांधे बुजविले असते, तर चिकित्सेस जागाच उरली नसती. ज्या विसंगतींमुळे मोशेचे कर्तृत्व अमान्य झाले, त्याच विसंगती संकलकांच्या परंपरानिष्ठेची साक्ष देतात. चिकित्सेने ग्रंथाचे पावित्र्य नाहीसे होते, ही भीती आणि चिकित्सेने ग्रंथ निकालात निघतो, हा उत्साह, हे दोन्ही एककर्तृत्वाच्या गृहीतावरच उभे आहेत. ते गृहीत सोडल्यास, अनेक शतकांतील भिन्न आवाज एकत्र जपणारा समाज ह्या ग्रंथामागे उभा असलेला दिसतो.