मोठ्या आईचा राग दहापैकी नऊ: ट्रम्प कार्डांचं एक परीक्षण

पेट किंवा नेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, पेपरमधलं टेबल वाचायचं कसं? आकडे दिसतात, पण नेमकं काय बघायचं ते कळत नाही. या वेळी उत्तरासाठी पेपर घेतलेला नाही. स्टेशनरीच्या दुकानात आणि जत्रेत मिळणारी डब्ल्यूडब्ल्यूई पहिलवानांची ट्रम्प कार्डांची गड्डी घेतली आहे. तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी ती खेळली असणार. २००२ च्या आधी तिच्यावर डब्ल्यूडब्ल्यूएफ लिहिलेलं असायचं. आमच्याकडे वर्धा जिल्ह्यात पोट्टे अजूनही तेच म्हणतात.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी दोन वाक्यांत. पानं पिसून सारखी वाटायची आणि प्रत्येकानं आपल्या ढिगातलं फक्त वरचं पान बघायचं. ज्याचा डाव त्यानं पानावरचा एक रकाना पुकारायचा (उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती लढती लढल्या, किती जिंकल्या, रँक), ज्याचा आकडा सरस त्यानं सगळ्यांची पानं उचलायची आणि पुढचा पुकाराही त्यानंच करायचा. कल्पना आपली नाही. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात ‘टॉप ट्रम्प्स’ नावानं गाड्या-विमानांच्या अशा गड्ड्या निघाल्या, आपल्याकडे ती जागा पहिलवानांनी आणि क्रिकेटपटूंनी घेतली.

आता गड्डीकडे टेबल म्हणून बघू. माझ्याकडच्या गड्डीत तीस पानं, म्हणजे तीस ओळी आणि सात रकाने.

पहिली अडचण रँकची. बाकी सगळीकडे मोठा आकडा जिंकतो, रँकमध्ये लहान. सहा वर्षांचं पोरगं ‘रँक तीस!’ म्हणून आनंदानं ओरडतं आणि पान गमावून बसतं. मला हा दोष वाटत नाही, उलट गड्डीतली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे. एकाच पानावर दोन दिशांचे आकडे असल्यामुळे ‘मोठं म्हणजे चांगलं’ ही सवय मोडते. आपल्याकडे हे फार जुनं आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० गोल पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा: राजा, प्रधान आणि एक ते दहा. त्यातल्या अर्ध्या रंगांत दहा सगळ्यात मोठा आणि उरलेल्या अर्ध्या रंगांत एक्का मोठा. वर दिवसा खेळताना रामाच्या राजानं सुरुवात करायची, रात्री कृष्णाच्या. म्हणजे आकड्याचा अर्थ रंगावर ठरतो आणि सुरुवात कोणाची ते वेळेवर. प्रश्नावलीतली उलट्या दिशेची विधानं गुण देताना फिरवून घ्यायची असतात, हे एम.एस्सी.ला शिकवावं लागतं. गंजिफा खेळणाऱ्या माणसाला ते समजावायची गरज पडली नसती.

दुसरी गोष्ट पुकारण्याची. समजा पानावर लिहिलंय: बायसेप्स २२ इंच. हे जास्त की कमी? एकट्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. पण महिनाभर खेळलेलं पोरगं क्षणात सांगतं, कारण पूर्ण गड्डी त्याच्या डोक्यात बसलेली असते. आकडा किती यापेक्षा तो तिसांत कितवा हे ते बघतं. यालाच आपण पर्सेंटाइल म्हणतो. आणि खेळणारे वाढले की हिशेब बदलतो. तुमच्या पानाचा एखादा रकाना गड्डीत वरून सहावा आहे. म्हणजे उरलेल्या २९ पानांपैकी २४ त्याच्या खाली. समोर एकच भिडू असेल तर जिंकायची शक्यता २४ भागिले २९, जवळपास ८३ टक्के. समोर तीन जण असतील तर तिघांकडेही खालचीच पानं असायला हवीत: २४ × २३ × २२ भागिले २९ × २८ × २७, म्हणजे साधारण ५५ टक्के. पान तेच, आकडा तोच, पण खात्रीचा डाव नाणेफेकीच्या जवळ आला. एका गोष्टीची तुलना एकाशी करणं आणि अनेकांशी करणं यात फरक का पडतो, ते याहून सोपं करून मला सांगता येत नाही.

मग ही गड्डी चांगली आहे का? खेळ म्हणून ठीक. टेबल म्हणून मात्र तिच्यात तीन खोट आहेत.

उंची, वजन, छाती, बायसेप्स हे चार रकाने दिसतात चार, पण सांगतात बरंचसं एकच: माणूस आडवा-उभा किती आहे. बिग शो किंवा योकोझुनाचं पान आलं की वजन पुकारा नाहीतर छाती, फार फरक पडत नाही. रे मिस्टेरिओचं पान आलं की यातलं काहीच कामाचं नाही. प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनॅलिसिस शिकताना ज्यांना ‘पण हे करायचंच कशाला’ असं वाटतं, त्यांनी या चार रकान्यांवर ते करून बघावं. सिनॉप्सिसमध्ये वीस व्हेरिएबल लिहून आणणाऱ्या प्रत्येकाला माझा प्रश्न हाच असतो: यातले खरे वेगळे किती?

दुसरी खोट लढतींची. लढलेल्या आणि जिंकलेल्या असे दोन रकाने आहेत, पण जिंकण्याचं प्रमाण नाही. समजा एकानं ९०० लढून ५०० जिंकल्या आणि दुसऱ्यानं ३०० लढून २४०. गड्डी पहिल्याला विजयी ठरवते, आणि प्रमाण काढलं तर पहिला ५६ टक्क्यांच्या आत, दुसरा ८० टक्क्यांवर. भागायचं कशानं हा प्रश्नच गड्डीनं टाळलाय.

तिसरी खोट सगळ्यात मोठी. हे आकडे मोजले कोणी? पहिलवानांच्या जाहीर उंच्या-वजनं ही कंपनीनं प्रसिद्धीसाठी सांगितलेली असतात. जायंट गोन्झालेसची उंची आठ फूट म्हणून जाहीर केली जायची, प्रत्यक्षात तो त्याहून कमी होता. लढतींचे निकालही आधी ठरलेले. म्हणजे गड्डीत मोजमाप फारसं नाहीच, पटकथा आहे. तीन आकड्यांपर्यंत नेमकेपणानं छापलेली. आकडा नेमका दिसला की तो खरा वाटतो. ट्रम्प कार्डात त्यानं कोणाचं बिघडत नाही, प्रबंधात बिघडतं.

आता दुसऱ्या एका गड्डीबद्दल. ती कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आमच्या तळेगावात (श्यामजी पंत, एसटीत बसताना एवढं सांगावंच लागतं, तळेगावं खूप आहेत) दिवाळीत घरची पोरं जमली की त्यांना दुपारभर काम हवं असतं. त्यांनी जुन्या लग्नपत्रिका कापून, मागच्या कोऱ्या बाजूवर घरच्या माणसांची ट्रम्प कार्डं केली. रकाने पाच: वय, उंची, पोळ्या, राग, लाड. मोजणाऱ्यांची पद्धत बघण्यासारखी होती. उंची दाराच्या चौकटीला उभं करून टेपनं. पोळ्या दोन दिवसांच्या जेवणात मोजून, न सांगता. राग आणि लाड मात्र दहापैकी, आणि ते सर्वानुमते.

पहिलं भांडण अर्थातच रागावरून. मोठ्या आईला नऊ मिळाले. ती म्हणाली, ‘मी ओरडते म्हणून तुमचा अभ्यास होते, हा राग नोहे.’ पोरांनी चर्चा केली आणि नऊ तसेच ठेवले. मग तिनं विचारलं, ‘बरं, नऊवाला जिंकते का हरते?’ जिंकते, असं कळल्यावर तिनं तक्रार मागे घेतली. हसू येतं, पण आरआरसीसमोर जे प्रश्न येतात ते हेच दोन आहेत. तुम्ही जे मोजलं म्हणता तेच मोजलंय का? आणि जास्त गुण म्हणजे चांगलं की वाईट, हे कोणी ठरवलं? कारखान्याच्या गड्डीत हे ठरवणारा माणूस दिसत नाही. इथं तो समोर जमिनीवर पालथा पडून स्केचपेननं लिहीत होता, त्याला विचारता येत होतं.

दोष या गड्डीतही होते. आजोबांचं पान वयात कधीच हरत नाही, त्यामुळे ते आलं की खेळ मेला. एका टोकाच्या आकड्यानं पूर्ण रकाना निकामी होतो. पोरांनी उपाय काढला: एकच रकाना लागोपाठ दोनदा पुकारायचा नाही. छापील गड्डीत, जिंकणाऱ्याकडेच पुकार राहिल्यामुळे एक जण सगळी पानं ओढत जातो आणि बाकीचे जांभया देत बसतात, त्यावरही हाच नियम बऱ्यापैकी लागू पडतो. माझ्या मते या नियमानं मूळ खेळ सुधारला.

आणि बाळाचं पान. चार महिन्यांचं बाळ, पोळ्या किती? एकानं शून्य लिहिलं. दुसरी म्हणाली, शून्य म्हणजे ताटावर बसून खाल्ली नाही, बाळ तर बसतच नाही; तिनं आडवी रेघ मारली. शून्य आणि ‘माहिती नाही’ यातला हा फरक न पाळल्यामुळे किती सरासऱ्या वाया गेल्या असतील. शेवटी ठरलं की रेघ असेल तर तो रकाना पुकारता येत नाही, आणि दुसऱ्यानं पुकारला तर ते पान डावातून बाजूला. बाळाला राग मात्र दहापैकी दहा.

दुसऱ्या दिवसापासून अदलाबदल सुरू झाली. प्रत्येकानं आपापल्या घरच्यांची जास्तीची पानं केली होती, ती एकमेकांना द्यायची. एका मामाचं पान कोणी सोडेना, दोन काकांच्या बदल्यातही नाही. खिशातून एक रुपया न जाता ‘ट्रेडिंग’चा सगळा आनंद.

दुकानातल्या ट्रेडिंग कार्डांचं तसं नाही, आणि माझा आक्षेप तिथंच आहे. हा प्रकार ज्यानं सुरू केला तो रिचर्ड गारफिल्ड आपल्यासारखाच पीएच.डी.चा विद्यार्थी होता, विषय कॉम्बिनेटोरिक्स, विद्यापीठ पेनसिल्व्हेनिया. १९९३ मध्ये त्याचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ आला. १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनची पत्ती आली. आपल्याकडे चिप्सच्या पाकिटातले पोकेमॉनचे टॅझो अनेकांनी जमवले असतील. कल्पना सुंदर आहे: प्रत्येकाची गड्डी वेगळी, आपण निवडलेली. पण त्यामुळे खेळाचा अर्धा निकाल सतरंजीवर बसायच्या आधीच दुकानात लागतो. ज्याच्या बापाचा खिसा मोठा, त्याची गड्डी भारी. ट्रम्प कार्डात निदान सगळे एकाच गड्डीतून खेळतात.

किती खर्च होतो ते काढता येतं. समजा संच ५० पानांचा, एका पाकिटात एक पान, आणि प्रत्येक पान निघायची शक्यता सारखी. पूर्ण संचासाठी सरासरी २२५ पाकिटं लागतात. (५० गुणिले १ + १/२ + १/३ असं १/५० पर्यंत. हा कूपन कलेक्टर प्रश्न, करून बघा.) त्यातलं शेवटचं एक पान मिळवायलाच सरासरी ५० पाकिटं. दोन मैत्रिणी वेगवेगळ्या जमवतील तर दोघींच्या मिळून ४५०. पण त्यांनी पाकिटं एकत्र फोडून दुबार पानं वाटून घेतली, तर दोन पूर्ण संचांना साधारण ३२५ पुरतात. न्यूमन आणि शेप या दोघांनी १९६० मध्ये हे सर्वसाधारण रूपात सिद्ध केलं: पहिला संच महाग, पुढचा प्रत्येक संच त्या मानानं बराच स्वस्त. त्या काळी अमेरिकेत आइस्क्रीमच्या कागदी कपांच्या झाकणाखाली चित्रं असायची, त्यावरून प्रश्नाला नाव पडलं डबल डिक्सी कप. पोरं सांगतात की मित्र असले की संच लवकर भरतो. हे त्याचं प्रमेय.

म्हणून कंपनीला पानं सारख्या संख्येनं छापणं परवडत नाही. पन्नासांपैकी एकच पान दुर्मीळ करा, बाकीच्यांच्या एक दशांश. आता ते एक पान निघायची शक्यता ४९१ मध्ये एक. म्हणजे त्या एकट्यासाठी सरासरी ४९१ पाकिटं, आधीच्या पूर्ण संचाच्या दुपटीहून जास्त, आणि मैत्रिणीशी अदलाबदल करूनही फारसा उपयोग नाही, कारण तिच्याकडेही ते नाही. पायथॉनमध्ये दहा-बारा ओळींत हे चालवून बघता येईल. आधी सारख्या शक्यतांनी चालवा, २२५ च्या आसपास उत्तर येतंय याची खात्री करा, मगच दुर्मीळ पान घाला.