जेवणासकट व्याख्यान

आधी पोटोबा, मग विठोबा, अशी क्रमवारी आपल्या पूर्वजांनी ठरवून दिली होती. दोघांना एकाच पंगतीला बसवायची कल्पना मात्र त्यांना सुचली नाही. ती शिकागोची. १९०५ साली पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन मित्र गोळा करून रोटरी क्लब काढला. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत, म्हणून नाव रोटरी. पुढे सभासद वाढले, कचेऱ्या पुरेनात, तेव्हा मंडळी हॉटेलात जेवायला जमू लागली. नुसते जेवणे बरे दिसत नाही, असे कुणाला तरी वाटले असावे. म्हणून शेजारी एक बोलणारा पाहुणा. १९१९ साली हे प्रकरण कलकत्त्याला उतरले आणि यथावकाश आमच्या पंचवटीतही येऊन पोचले. आता रोटरी असो, लायन्स असो, नाहीतर दोघांचे बघून काढलेला आमच्या भागातला घरगुती क्लब असो, महिन्यातून एका रविवारी मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये वक्ता आणि मसालेभात एकाच वेळी वाढले जातात.

नाटकांवर परीक्षणे येतात, गाण्यांच्या बैठकींवर येतात; या प्रयोगावर कुणी लिहीत नाही. वास्तविक याच्याइतका नियमित प्रयोग दुसरा नाही.

नांदी परिचयाची. वक्त्याने स्वतःच लिहून पाठवलेला परिचय आमचे एक सभासद वाचून दाखवतात आणि वक्ता तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा संकोचतो. अभिनयाच्या दृष्टीने कार्यक्रमातला हा सर्वोत्तम भाग. मग स्मृतिचिन्ह. ज्या गृहस्थांच्या गच्चीवरून काळारामाचा कळस दिसतो, त्यांना आम्ही काळाराम मंदिराची तसबीर देतो. तेही ती दोन्ही हातांनी घेतात आणि फोटोग्राफरकडे बघतात.

त्यानंतर खुद्द भाषण. वेळ वीस मिनिटे. बाराव्या मिनिटाला पहिली चिठ्ठी जाते, 'दोन मिनिटे'. चौदाव्या मिनिटाला दुसरी, 'पुऱ्या गार होत आहेत'. रोटरीची चार प्रश्नांची कसोटी प्रसिद्ध आहे. हर्बर्ट टेलर यांनी ती १९३२ साली लिहिली. माणसाने बोलण्यापूर्वी, वागण्यापूर्वी, हे खरे आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, वगैरे स्वतःला विचारावे. ही झाली बोलणाऱ्याची कसोटी. ऐकणाऱ्यांची एकाच प्रश्नाची असते : भात आला का?

इथवर सगळे हसण्यावारी नेता येते. पण गेल्या पावसाळ्याआधी आमच्याकडे एक निवृत्त इंजिनिअर येऊन गेले, तेव्हापासून मला घास गोड लागेनासा झाला आहे. विषय होता गोदावरी. गृहस्थ जुन्या वळणाचे, हातात नकाशाची गुंडाळी. ते सांगत होते, की रामकुंडाच्या आसपास नदीच्या पात्रात कितीतरी कुंडे होती आणि त्यांना खालून जिवंत झरे होते. सिंहस्थाच्या गर्दीची सोय म्हणून पात्रात काँक्रीट ओतले, आणि झऱ्यांच्या तोंडावर झाकण बसले. आता उन्हाळ्यात रामकुंडात जे पाणी दिसते, ते वरून धरणातून सोडावे लागते. नाशिककराच्या घशाखाली घास अडकावा असे हे वाक्य. नेमकी त्याच वेळी जिलेबी आली.

"कुरकुरीत आहे हो!" माझ्या शेजारचे म्हणाले.

भाषण संपल्यावर अध्यक्षांनी प्रश्न विचारण्याचे आवाहन केले. मागच्या टेबलावरून एक हात वर झाला. वक्त्यांचा चेहरा उजळला. हात पाण्यासाठी होता. वाढप्याने प्लास्टिकची बाटली नेऊन दिली. आभार मानताना आमचे चिटणीस म्हणाले, "साहेबांनी नदीविषयी फारच मनोरंजक माहिती सांगितली." हॉलपासून रामकुंड पायी दहा मिनिटांवर. जेवून तिकडे कुणी वळले नाही. वामकुक्षीची वेळ.

ही माणसे निर्ढावलेली आहेत, असे माझे म्हणणे नाही. याच क्लबवाल्या जमातीने १९८५ साली जगातून पोलिओ घालवायचा चंग बांधला. तीस वर्षांच्या आत, २०१४ साली, भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. सरकार होते, डोस पाजणारे हजारो हात होते, हे खरे. पण ही मंडळीही होती. म्हणजे कानातून शिरलेली गोष्ट हातापायांपर्यंत पोचू शकते. अडचण येते ती वाटेत तोंड चालू असल्यामुळे.

आणि ऐकणे काय असते, हे नाशिककरांना शिकागोने शिकवायला नको. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आमच्या नाशिकच्या मालेनेही शंभरी ओलांडली आहे. मे महिन्याच्या संध्याकाळी गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर माणसे येतात. तिथे जेवण नाही. डोक्यावर छप्पर नाही. बोलणे रुचले नाही तर श्रोता चप्पल पायात सरकवून चालू लागतो, आणि वक्त्याला ते दिसते. म्हणून वक्ता जपून बोलतो. उठून जायची ही सोय, हाच त्या पटांगणाचा मोठा गुण. आमच्या हॉलमधून कुणी उठत नाही. गुलाबजाम यायचे असतात. बिचाऱ्या वक्त्याला वाटते, सभा जिंकली! ताटे उचलल्यावर बोलायला लावले असते, तर कुणी उठते का बसते यावरून त्या इंजिनिअरसाहेबांना आपली खरी किंमत कळली असती, आणि आम्हाला आमची. कीर्तनालाही प्रसाद असतोच की. पण तो आरती झाल्यावर. बुवांचे आख्यान रंगात आले असताना पेढे फिरवलेत, तर बुवा चिपळ्या खाली ठेवतील.

मी चिटणीसांना गाठले. म्हटले, "जेवण आधी उरकून घ्या, नाहीतर नंतर ठेवा. दोन्ही एकदम नको."

"काका, आधी ठेवलं तर लोक जेवून जातील. नंतर ठेवलं तर जेवायलाच येतील."

"जे राहतील त्यांच्यापुढे बोलू द्या ना. पाच का असेनात!"

"पाच माणसांचा फोटो कसा दिसेल?"

तरी माणूस भला. त्यांनी वही काढून माझी सूचना रीतसर नोंदवून घेतली. येत्या रविवारी, जेवताना, तिच्यावर विचार होणार आहे.