किशोरवयीनांची दीर्घकालीन अर्धशिशी आणि तत्काळ उपचार : एक समीक्षा

प्रस्तावना :
अर्धशिशी हा मोठ्या माणसांचा आजार, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे डोकेदुखीची तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याकडे 'अभ्यास टाळणारा' म्हणून पाहिले जाते. वस्तुतः हा आजार मुलांतही आढळतो. तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल आणि त्यांपैकी किमान ८ दिवस अर्धशिशीची लक्षणे असतील, तर तिला दीर्घकालीन अर्धशिशी म्हणतात. अशा मुलांच्या संदर्भात अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी आणि अमेरिकन हेडेक सोसायटी यांच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांचे परीक्षण करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मार्गदर्शक तत्त्वांचे स्वरूप :
झटका सुरू होताच औषध द्यावे, हे या तत्त्वांचे प्रमुख सूत्र होय. प्रथम इबुप्रोफेन आणि किशोरवयीनांसाठी ट्रिप्टान गटातील काही औषधे सुचविली आहेत. त्याचबरोबर साधी वेदनाशामके महिन्यातून १४ दिवसांपेक्षा आणि ट्रिप्टान ९ दिवसांपेक्षा अधिक घेऊ नयेत, असेही बजावले आहे. कारण औषधांच्या अतिवापरानेच डोकेदुखी वाढते. पुराव्याची प्रतवारी लावून केलेली ही मांडणी निश्चितच स्वागतार्ह आहे.

टीकात्मक विवेचन :
तथापि ही दोन्ही सूत्रे दीर्घकालीन रुग्णाच्या बाबतीत परस्परांना छेद देतात. महिन्यातून दोन-तीन झटके येणाऱ्या मुलाला 'लवकर घ्या' हा सल्ला पुरेसा आहे. परंतु ज्याचे डोके वीस दिवस दुखते, त्याने औषधाचे मोजके दिवस कोणत्या दुखण्यावर खर्च करावेत? आजचे दुखणे वाढेल की ओसरेल, हे त्याला आरंभी कसे कळावे? थांबल्यास औषधाचा गुण कमी होतो आणि घाई केल्यास मर्यादा ओलांडली जाते. या पेचाचे मूळ पुराव्यातच आहे. तत्काळ उपचारांच्या चाचण्या प्रामुख्याने अधूनमधून झटके येणाऱ्या मुलांवर झाल्या असून त्यांत दोन तासांनंतरचा आराम मोजला गेला. महिन्याचा हिशेब त्यांत येत नाही.

प्रतिबंधक औषधांकडे वळावे, तर तेथेही निराशा पदरी येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी डोकेदुखीचे दिवस निम्म्याने घटलेल्यांचे प्रमाण अॅमिट्रिप्टिलिन घेणाऱ्यांत ५२ टक्के, टोपिरामेट घेणाऱ्यांत ५५ टक्के, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत ६१ टक्के होते. याउलट २०१३ चा एक अभ्यास खास दीर्घकालीन अर्धशिशीच्या १३५ मुलांवर झाला. अॅमिट्रिप्टिलिनला बोधनिक वर्तन उपचाराची जोड दिलेल्या गटात २८ दिवसांमागे डोकेदुखीचे सरासरी ११.५ दिवस कमी झाले. औषधासह केवळ माहिती दिलेल्या गटात ही घट ६.८ दिवसांची होती.

निष्कर्ष :
सारांश, एका झटक्यासाठी बेतलेली तत्त्वे रोजच्या दुखण्याला जशीच्या तशी लागू करता येत नाहीत. दीर्घकालीन रुग्णांसाठी स्वतंत्र चाचण्या आणि महिन्याच्या हिशेबावर आधारलेले स्वतंत्र प्रकरण आवश्यक आहे. अध्यापकांपुरते बोलायचे, तर वारंवार गोळी घेणाऱ्या विद्यार्थ्याला 'किती दुखते?' याऐवजी 'महिन्यातून किती दिवस दुखते आणि किती दिवस गोळी घेतोस?' असे विचारावे. ते उत्तर वैद्यकीय तज्ज्ञापर्यंत वेळीच पोहोचणे ही उपचाराची पहिली पायरी ठरेल.