आमची भाकर की आपली भाकर?

मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिव्हेराचं १९२८ सालचं एक भित्तिचित्र आहे, ‘एल पान नुएस्त्रो’. टेबलाभोवती वेगवेगळ्या वर्णांची माणसं जेवायला बसली आहेत. मुख्य जागी बसलेला माणूस हाताने पाव मोडतो आहे. त्याच्यामागे डोक्यावर फळांची टोपली घेतलेली एक बाई उभी आहे. पाव मोडणारा माणूस म्हणजे डॉ. पांडुरंग खानखोजे, अशी ओळख सांगितली जाते. खानखोजे वर्ध्याचे. आमच्या लोहाऱ्याहून कळंब-देवळीमार्गे वर्धा गाठायला फार वेळ लागत नाही. म्हणजे तसे ते आमच्या भागातलेच.

चित्राच्या नावाचं मराठी करायला बसलो आणि अडलो. ‘पान’ म्हणजे पाव. रोजच्या अन्नाच्या अर्थाने आपण भाकर म्हणू. पण ‘नुएस्त्रो’? आमची की आपली? स्पॅनिशमध्ये दोन्हींना एकच शब्द आहे. मराठीत मात्र ऐकणारा आपल्यात धरायचा की नाही, हे आधी ठरवावं लागतं. ज्या ख्रिस्ती प्रार्थनेतून हे नाव आलं, तिच्या मराठी रूपात ‘आमची’ येतं, आणि ते बरोबरच आहे. देवाला भाकर लागत नाही. पण या टेबलावर एक पाहुणा बसला आहे. तिथे ‘आमची’ म्हटलं तर तो बाहेर राहतो.

खानखोज्यांची गोष्ट आपण सांगतो ती बहुतेक ‘आमची’ म्हणूनच. अमेरिकेत शेतीशास्त्राचं शिक्षण, गदर चळवळ, इराण, बर्लिन, रशिया, असा सगळा थरार आपण रंगवून सांगतो. १९२४ साली ते मेक्सिकोत पोचले, की गोष्ट सुस्तावते. पुढची तीसेक वर्षं ‘विजनवास’ या एका शब्दात बसवली जातात. वास्तविक त्यांच्या कर्तृत्वाचा मोठा काळ हाच. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवत होते, मक्याचे नवे वाण काढत होते, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा चालवत होते. तीना मोदोत्तीने त्यांच्या मक्याचे फोटो काढले. रिव्हेरा त्याच विद्यालयाच्या चॅपलच्या भिंती रंगवत होता. आणि हे सगळं स्पॅनिशमध्ये चाललं होतं. मोठ्या वयात शिकलेल्या भाषेत त्यांनी वर्ग घेतले, मक्यावर पुस्तिका लिहिल्या. अशा माणसाला निव्वळ परागंदा म्हणणं मला अपुरं वाटतं.

त्यांच्यावर दोन पुस्तकं सहज मिळतात. वीणा गवाणकरांचं ‘नाही चिरा...’ मराठी वाचकाला ठाऊक आहे. ‘एक होता कार्व्हर’ लिहिणाऱ्या लेखिकेला मातीत काम करणारा हा शास्त्रज्ञ दिसावा, हे स्वाभाविकच. दुसरं पुस्तक मुलीचं, सावित्री साहनी यांचं इंग्रजी ‘आय शॅल नेव्हर आस्क फॉर पार्डन’. नावाचा अर्थ, मी कधीच माफी मागणार नाही. हे नाव इंग्रज सरकारला उद्देशून आहे, म्हणजे सोडून आलेल्या देशाचा हिशेब मांडतं. पण लिहिणारी मुलगी मेक्सिकोत जन्मलेली, आई बेल्जियन. ज्या देशाने घर दिलं त्याचा हिशेब कुणी मांडायचा? मला तो रिव्हेराच्या चित्रात सापडतो.

हा हिशेब आपल्याला नवा नाही. पूर्वी गरीब विद्यार्थी शिकायला शहरात येत आणि वारावर जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. आजच्या भाषेत ती होस्ट फॅमिलीच, फक्त सात घरांत वाटलेली. पण वारावरचा मुलगा कायम घेणाराच राहायचा. उपकाराची जाणीव त्याच्या पानात मिठासारखी वाढलेली असायची.

स्पॅनिश शिकायला मी पुएब्लात एका कुटुंबात दोन महिने राहिलो. पहिल्याच आठवड्यात घरच्या काकू म्हणाल्या, ‘रविवारी सगळे तुमच्या घरी जेवू.’ मी गोंधळलो, माझं घर तर लोहाऱ्याला! नंतर कळलं, मेक्सिकोत आदराने बोलताना स्वतःच्याच घराला ‘तुमचं घर’ म्हणतात. आपण ‘आपलंच घर समजा’ म्हणतो, त्यात ‘समजा’ असतं. तिथे तेवढीही अट नाही. पण नुसत्या शिष्टाचाराने घर आपलं होत नाही. मी तिथे पैसे देऊन राहत होतो. पिठलं करून वाढलं आणि ते कशाचं, हे मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये समजावलं, तेव्हा कुठे मी त्या टेबलावर काही ठेवलं.

म्हणून रिव्हेराने पाहुण्याच्या हाती पाव दिला, हे मला चित्रातलं सर्वांत मोलाचं वाटतं. खानखोज्यांना ती जागा कुणी दयेने दिली नव्हती. मक्याच्या देशात जाऊन त्यांनी मक्यावरच काम केलं आणि ते तिथल्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगितलं.

तरी चित्रात एक गोष्ट खटकते. फळं आणणारी ती बाई उभीच आहे. पुरुष पाहुण्याला यजमानाची जागा मिळाली, पण वाढणारीला बसायला जागा नाही. पुएब्लाच्या काकूही सगळ्यांत शेवटी जेवायच्या. वारावरच्या मुलाला वाढणाऱ्या माउलीचंही तेच असणार. अशा घरांत राहून आलेले आम्ही शहरांबद्दल, चर्चबद्दल, जेवणाबद्दल भरभरून लिहितो, पण जेवण करणारीला एका वाक्यात ‘खूप प्रेमळ’ म्हणून मोकळे होतो.

नावाचं भाषांतर मी शेवटी ‘आपली भाकर’ असं केलं. ती बाई बसलेली नाही, तोवर ते पुरतं खरं नाही, हे मान्य करूनच.