‘दि ॲक्स फाइट’ : चित्रीकरण, पुरावा आणि अन्वयार्थ

प्रास्ताविक

मानवी वर्तनाच्या अभ्यासासाठी मार्गरेट मीड आणि ग्रेगरी बेटसन यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाली बेटावर कॅमेऱ्याचा विस्तृत उपयोग केला. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संवादात मात्र मूलभूत मतभेद दिसतो. स्थिर कॅमेऱ्याने टिपलेली दीर्घ नोंद मीड यांना शास्त्रीयदृष्ट्या विश्वसनीय वाटे. कॅमेरा हाती घेऊन केलेली निवड बेटसन यांना आवश्यक वाटे. चित्रीकरण हा पुरावा की अन्वयार्थ, या प्रश्नाची कसोटी टिमथी ॲश आणि नेपोलियन शॅग्नॉन यांच्या ‘दि ॲक्स फाइट’ (१९७५) या चित्रपटात लागते.

विवेचन

दक्षिण व्हेनेझुएलातील एका यानोमामी गावात १९७१ मध्ये अचानक उसळलेले भांडण येथे चित्रित झाले आहे. प्रथम असंपादित चित्रण येते. त्यानंतर काळ्या पडद्यावर केवळ अभ्यासकांचे बोलणे ऐकू येते आणि भांडणाचे कारण निषिद्ध शरीरसंबंध असल्याचे सांगितले जाते. लगेच हे स्पष्टीकरण चुकीचे ठरते. पाहुण्यांपैकी एकाला केळी देण्यास स्त्रीने नकार दिला, त्याने तिला मारले आणि तिचे नातलग धावून आले, असा खुलासा होतो. पुढे संथगती चित्रण व वंशावळीच्या आकृत्या यांच्या आधारे कोण कोणाच्या बाजूने उभा राहिला हे उलगडते. शेवटी त्याच घटनेचे भाष्यविरहित, संपादित रूप येते.

या रचनेचे बळ अभ्यासकाची चूक न लपविण्यात आहे. डोळ्यांनी पाहिलेले वर्तन आपला अर्थ स्वतः सांगत नाही. नातेसंबंधांचे ज्ञान नसता तो केवळ गोंधळ ठरतो. परंतु दुसरे स्पष्टीकरणही अभ्यासकाचेच आहे. भांडणाऱ्यांना स्वतःच्या कृतीचा कोणता अर्थ अभिप्रेत होता, हे त्यांच्या मुखातून फारसे येत नाही. शिवाय अंतिम रूपातील सफाईदार जोडणी मूळ चित्रणातील खंड झाकते.

येथेच नैतिक प्रश्न उद्भवतो. शॅग्नॉन यांच्या १९६८ मधील ग्रंथाच्या उपशीर्षकाने यानोमामींना ‘उग्र लोक’ ठरविले होते. ती धारणा मनात ठेवून पाहणाऱ्यास कुऱ्हाडच दिसते. तिची बोथट बाजू वापरली गेली, अनेक जण केवळ पाहत उभे राहिले आणि संघर्ष निवळला, हे निसटते. हिंसेइतकाच संयमही याच चित्रणात नोंदला गेला आहे.

निष्कर्ष

चित्रीकरणाचे शास्त्रीय मूल्य ते निर्णायक असण्यात नसून पुनर्तपासणीस खुले असण्यात आहे. लेखी टिपणात अभ्यासकाने वगळलेले पुन्हा सापडत नाही. चित्रणाच्या चौकटीत आलेले मात्र त्याच्या अन्वयार्थाविरुद्धही साक्ष देऊ शकते. म्हणून अध्यापनात केवळ अंतिम संपादित रूप दाखविणे अपुरे आहे. विद्यार्थ्यांनी असंपादित भाग प्रथम पाहून स्वतःचा अर्थ लिहावा व नंतर तो तपासावा, यातच या चित्रपटाचे खरे शैक्षणिक सामर्थ्य आहे.