घरट्याचें छायाचित्र

छायाचित्रांचा विचार करतांना टीकाकार प्रकाश, मांडणी आणि क्षण यांचीच मोजदाद करीत बसतो. परंतु वन्य पिलाचें त्याच्या घरट्यांत घेतलेलें चित्र परीक्षेला आलें, म्हणजे हीं मापें अपुरीं पडतात. तें चित्र कसें मिळालें, हा प्रश्न येथें कलेबाहेरचा राहत नाहीं. त्याचें उत्तर चित्रांतच उमटलेलें असतें, असें आमचें मत आहे.

हिंगोली जिल्ह्यांतील एक साधें उदाहरण घेऊं. कयाधूच्या कांठच्या माळावर, किंवा सिद्धेश्वर जलाशयाचें पाणी ओसरून उघड्या पडलेल्या जमिनीवर टिटवी अंडीं घालते. घरटें म्हणावें तर तेथें कांहींच नसतें: एक उथळ खळगी, भोंवतीं थोडे खडे, आणि खड्यांसारखींच दिसणारीं बहुधा चार ठिपकेदार अंडीं. दिसूं नये, हीच त्या घरट्याची सारी रचना. भर उन्हांत टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठीं नव्हे, सावली देण्यासाठीं. पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून येऊन ती अंडीं गार ठेवते. अशा वेळीं छायाचित्रकार जवळ ठाण मांडून बसला, तर पक्षी दूर ओरडत राहतो आणि अंडीं भाजूं लागतात. ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही म्हण आपण कौतुकानें सांगतों. परंतु वैशाखाच्या उन्हापुढें आणि माणसाच्या हौसेपुढें तिचें कांहीं चालत नाहीं.

आतां असलीं चित्रें वाचूं. टिटवीचें पिलूं अंड्यांतून बाहेर पडल्यावर लवकरच चालूं लागतें, आणि आईबापांची इशाऱ्याची हांक ऐकतांच जमिनीशीं अंग चिकटवून निपचित पडतें. चित्रांत तें शांत विसावल्यासारखें दिसतें. वस्तुतः तें भयानें थिजलेलें असतें. चोंचींत अळी धरून फांदीवर थबकलेली पक्षीण वात्सल्याची मूर्ति म्हणून वाखाणली जाते. पण घांस चोंचींत असून ती पिलांकडे कां जात नाहीं, हें रसिकानें विचारावें. पुष्कळदां त्याचें उत्तर कॅमेऱ्यामागें उभें असतें. म्हणजे ज्या भावासाठीं चित्र नांवाजलें गेलें, तो भाव त्यांत नसतोच. हा केवळ नीतीचा दोष नव्हे. अर्थाचा दोष आहे.

झुडपाचीं पानें छाटून घेतलेल्या चित्राचीहि तीच गोष्ट. पिलें स्पष्ट दिसतात खरीं. परंतु छायाचित्रकार परतल्यावर ऊन आणि कावळे त्याच वाटेनें आंत येतात. घरट्याचा विषय आडोसा हाच आहे. तो काढून टाकल्यावर उघड्यावर पडलेलीं पिलें तेवढीं उरतात. घरटें चित्रांत येतच नाहीं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येंतच पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना उपद्रव देणें अंतर्भूत केलें आहे, आणि कांहीं छायाचित्रस्पर्धा घरट्यांचीं चित्रें स्वीकारीतच नाहींत. हा कडकपणा आम्हीं समजूं शकतों. पण हा प्रकारच त्याज्य मानणें आम्हांला पटत नाहीं. इंग्लंडांत रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनीं १८९२ सालीं घरट्यांतील अंड्यांचें छायाचित्र घेतलें, तेव्हां अंडीं पळवून संग्रह करण्याच्या तत्कालीन छंदाला एक सभ्य पर्याय मिळाला. १९३० सालीं सालीम अली यांनीं किहीम येथें सुगरणींची वसाहत आडोशामागून न्याहाळली. नर अर्धवट घरटें विणतो, मादी तें पसंत करते, आणि एक संसार मांडून नर दुसरें घरटें विणावयास घेतो, हें त्यांनीं उलगडून दाखविलें. पाहणें आणि छळणें एक नव्हे.

याच कसोटीवर जुन्नरकडील दोन प्रकारचीं चित्रें पाहावीं. ऊसतोडीच्या दिवसांत तेथें फडांत बिबट्याचे बछडे सांपडतात. पहिलें चित्र तत्काळ निघतें: माणसाच्या हातांतला, भिंगाकडे टकमक पाहणारा बछडा. दुसऱ्यासाठीं वनखात्याचे लोक आणि पशुवैद्य बछड्याला तपासून, सांपडल्या जागींच पेटींत ठेवून दूर होतात. रात्रीं आपोआप चालणारा कॅमेरा मादीला टिपतो. ती येते, पिलूं तोंडांत धरते आणि अंधारांत जाते. तें चित्र करडें व धूसर असतें, मांडणीचें नांव नसतें. तरी दोहोंत श्रेष्ठ तेंच. पहिल्यांत पिलूं आहे, आई नाहीं. दुसऱ्यांत माणूस नाहीं, म्हणूनच आई आली आहे.

तेव्हां सिद्धेश्वरच्या कांठीं कॅमेरा घेऊन जाणाऱ्या तरुणाला आमचें सांगणें इतकेंच: ऊन चढण्यापूर्वीं, दूर पल्ल्याच्या भिंगानें, टिटवी अंड्यांवर निश्चिंत बसलेली असतांना चित्र घ्यावें आणि तिला न उठवितां परतावें. त्या चित्रांत अंडीं दिसणार नाहींत. न दिसोत, तीं दिसूं नयेत म्हणूनच टिटवीनें तेथें घातलीं आहेत.